महाभुजंगेश्वराचे हिट पॉइंट्स

२ नोव्हेंबर २००३, रविवार. संध्याकाळ.

आज माझा राक्षस झोपला.

मेला असता तर एवढं वाईट वाटलं नसतं. सात डोक्यांचा राक्षस, दोन महिने खपून तयार केलेला. दिनेशच्या बिल्ला नावाच्या चोराने त्याच्यासमोर उभं राहून अंगाई म्हटली. वीस बाजूंचा फासा टाकला, वीस पडले. नियमाप्रमाणे राक्षस झोपला. सातही डोकी. किशोर इतका हसला की चहा नाकातून आला. मग तिघांनी मिळून झोपलेल्या राक्षसाचा खजिना उचलला आणि माझ्याच सोफ्यावर बसून वाटून घेतला.

मी गेम मास्टर आहे. गेम मास्टरला हसत नाहीत.

संकल्प: शेवटच्या लढाईसाठी झोपणार नाही, फसणार नाही, मरणार नाही असं काहीतरी बनवायचं. दोन आठवडे पुरेत.

४ नोव्हेंबर, मंगळवार.

ही रोजनिशी माझ्याशिवाय कुणासाठी नाही. तरी पुढे कुणी संशोधन केलंच तर नोंद असावी: न्यू जर्सीच्या चुलतभावाने एका फाशांच्या खेळाच्या नियमांची झेरॉक्स पाठवली आणि मी, रविराज, वय चौतीस, ड्राफ्ट्समन, हा खेळ नाशकात आणला. आधी कुणी आणला असेल तर मला माहीत नाही. दर रविवारी दुपारी आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर जमतो. मी गोष्ट सांगतो, बाकीचे त्यात माणसं होऊन हिंडतात, आणि काय जमलं, काय फसलं ते फासा ठरवतो. म्हणजे मीच ठरवतो.

खेळाडू तीन. किशोर, आमच्याच कंपनीत स्टोअरकीपर. त्याचा योद्धा भैरवसिंग. दोन वर्षं झाली तरी कुठला फासा कधी टाकायचा ते विचारतो. त्याची बायको मोहिनीवहिनी, शाळेत गणित शिकवतात. त्यांची जादूगारीण. आणि दिनेश, पंचवटीत पूजा साहित्याचं दुकान. रविवारी भावाला गल्ल्यावर बसवून येतो.

योगिनी खेळत नाही. पण मनातून तिला ओढ आहे. कांदाभजी तळताना कान आमच्याकडेच असतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

सुचलं. देव! आणि ड्रॅगन! ड्रॅगनांचा देव!

नाव: महाभुजंगेश्वर.

योगिनीला सांगितलं. ती म्हणाली, दळण आणायचं राहिलंय. भारावून गेली की ती असं विषयांतर करते.

८ नोव्हेंबर, शनिवार.

स्टॅट्स, पहिला मसुदा. शक्ती नव्वद. बुद्धी नव्वद. चपळाई नव्वद. देखणेपणा पंच्याऐंशी. पाच मुद्दाम कमी ठेवले, अगदीच एकतर्फी वाटू नये म्हणून. तुलनेसाठी: भैरवसिंगची शक्ती सतरा, बुद्धी सहा.

हिट पॉइंट्स तीन हजार. म्हणजे तीन हजाराची इजा झाल्याशिवाय मरणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार.

फक्त हिट पॉइंट्सचा आकडा जाहीर केला, दहशत बसावी म्हणून. मोहिनीवहिनींनी भज्याच्या कागदावर हिशोब केला. सगळ्यांनी न चुकता वार केले तरी त्याला मारायला संक्रांत उजाडेल. किशोर म्हणाला, मग त्याला जगू दे की, आपलं काय जातंय.

दहशत बसली.

दिनेशने विचारलं, देवाचा वार कोणता? फूल कोणतं? नैवेद्य काय? म्हटलं, हा त्यातला देव नाही. तो म्हणाला, दुकानात सगळे हेच विचारतात, वार नसलेला देव चालत नाही. हसण्यावारी नेलं.

१० नोव्हेंबर, सोमवार.

वार: मंगळवार. फूल: झेंडू. नैवेद्य: अख्खा बैल किंवा उपलब्धतेनुसार.

दिनेशचा काही संबंध नाही. मला स्वतंत्रपणे सुचलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

सासूबाई नांदगावहून आल्या. मालनबाई. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, दीड महिना मुक्काम. माझ्या कामात व्यत्यय येऊ देणार नाही असं योगिनीला बजावलं. ती म्हणाली, कुठलं काम?

महाभुजंगेश्वराचं रंगीत चित्र फ्रिजवर लावलं होतं. सासूबाईंनी अगदी जवळ जाऊन पाहिलं. "जावईबापू, ही घोरपड लय गुटगुटीत हाय."

त्यांना अजून डोळ्यांनी नीट दिसत नाही, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

१६ नोव्हेंबर, रविवार.

लढाई आज होती. पुढे ढकलली. कारण दिनेशने दारात चप्पल काढता काढताच विचारलं की देवाला दोरीने बांधता येईल का. तलवार, भाला, बाण, गदा, जादू, विष आणि अंगाई या सगळ्यांपासून अभय दिलं होतं. दोरी राहिली होती.

बेडरूममध्ये जाऊन दोरी लिहिली. बाहेर आलो तर दिनेश म्हणाला, झाडू? परत आत गेलो. मग किशोरने विचारलं, मिरचीपूड?

शेवटी लिहिलं: जगातल्या सर्व वस्तूंपासून अभय. विषय संपला.

मोहिनीवहिनी म्हणाल्या, हवा ही वस्तू धरायची का? धरली तर हवा नाकात शिरणार नाही, आणि मग तो श्वास कसा घेईल?

यांना भीती वाटतेय म्हणून प्रश्न काढतायत. लढाई पुढच्या रविवारी.

१९ नोव्हेंबर, बुधवार.

सासूबाईंचं ऑपरेशन झालं. व्यवस्थित. हॉस्पिटलच्या बाकावर बसून पंखांचा पल्ला काढला. नर्सने विचारलं, पेशंटचे कोण? म्हटलं, गेम मास्टर. तिने "जावई" असं लिहून घेतलं.

२३ नोव्हेंबर, रविवार.

मंडळी चारला आली. मला फक्त पाच मिनिटांचं काम उरलं होतं. शेपटीचं. बेडरूमचं दार लावून बसलो. शेपटीचा फटका आणि पंखाचा वारा एकदम आले तर आधी काय मोजायचं, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही.

बाहेर आलो तेव्हा सगळे चपला घालत होते. योगिनीने मधल्या वेळेत त्यांना काहीतरी गोष्ट सांगून गुंतवून ठेवलं म्हणे, माझेच फासे घेऊन. कुठल्याशा गावातली विहीर एका सकाळी गायब होते, अशी काहीतरी. ना ड्रॅगन, ना खजिना.

तिचे आभार मानले. पाहुण्यांना ताटकळत ठेवू नये ही जाण तिला आहे. पत्नी म्हणून मी तिला नव्वद देईन.

३० नोव्हेंबर, रविवार.

आज पुन्हा पाच मिनिटांचं काम निघालं. बाहेरून हसण्याचे आवाज. लढाईच्या आधी सैनिकांना असं हसू येतं, मी कुठेतरी वाचलंय.

पाणी प्यायला बाहेर गेलो तर सासूबाई काळा चष्मा लावून मध्ये बसलेल्या आणि त्यांच्या हातात माझा वीस बाजूंचा फासा. त्याही खेळतायत! पात्राचं नाव काय, असं योगिनीने विचारलं तेव्हा म्हणाल्या म्हणे, "मी मालनच. मी कशाला दुसरी होऊ?" आकडा दिसत नाही म्हणून दिनेश वाचून सांगतो. दिनेश! अंगाईवाला!

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. माझी एकाग्रता मोडू नये म्हणून.

५ डिसेंबर, शुक्रवार.

चुलतभावाने सांगितलेल्या अमेरिकन वेबसाइटवर स्टॅट्स टाकले. नेट चारदा तुटलं. जगाला कळू दे.

८ डिसेंबर, सोमवार.

वेबसाइटवर उत्तर आलं. एकाने एकच शब्द लिहिलाय: "ब्रोकन". म्हणजे आजवरचे विक्रम मोडले. दुसऱ्याने जांभई देणारं तोंड काढलंय. ते बहुधा ड्रॅगनचं आहे. तिथे सगळ्यांना चित्रकला येतेच असं नाही.

ऑफिसात किशोरला सांगितलं. तो म्हणाला, छान, पण विहीर कुणी नेली असेल रे? मी म्हटलं, कुठली विहीर?

१० डिसेंबर, बुधवार.

ऑफिसात छोटा प्रसंग.

महाभुजंगेश्वर मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कॅडमध्ये काढला होता. समोरून, बाजूने, वरून, आणि पोटातून कापलेला सेक्शन. स्केल एकास पन्नास. जेवणाच्या सुट्टीत मोठी ड्रॉइंग छापणाऱ्या प्लॉटरला दिला. पण प्लॉटर अडकला आणि दुपारी पुण्याच्या पार्टीसमोर साहेबांनी इलेक्ट्रिक पॅनलची ड्रॉइंग मागवली तेव्हा सुटला. टेबलभर कागद हळूहळू खाली आला. आधी शिंगं. मग डोळे. साहेबांना वाटलं, पुढे पॅनल येईल. शेपटीपर्यंत थांबले बिचारे.

पार्टीच्या इंजिनिअरने सेक्शन निरखून विचारलं, यातलं अर्थिंग कुठे आहे?

संध्याकाळी मेमो मिळाला. वरिष्ठांना हाताखालच्या माणसाची भरारी बघवत नाही. मात्र अर्थिंगचा मुद्दा बरोबर होता. विजेपासून अभय लिहायचं राहून गेलं होतं. लिहिलं.

१४ डिसेंबर, रविवार.

दिनेशने दारातूनच कळवलं की बिल्ला आता चोरी सोडून पुजारी झालाय. पुजाऱ्याला देवाचं संरक्षण असतं, नियम बारा. म्हणजे माझी आग त्याला लागणार नाही! शुद्ध लबाडी.

आत जाऊन आगीचं कलम नव्याने लिहिलं. कलम अकरा: महाभुजंगेश्वराने अग्निश्वास सोडताच एका योजनाच्या आतला प्रत्येक जीव भस्म होईल. कुणी पोटाखाली लपेल, म्हणून अंतर शून्यापासून धरावे. कोणतेही अभय, कवच, वरदान चालणार नाही. देव असला तरी सूट नाही. देव असला तरी सूट नाही. देव असला तरी सूट नाही.

तीनदा लिहिलं म्हणजे दिनेशला म्हणता येणार नाही की त्याने वाचलं नव्हतं.

आता सगळं परिपूर्ण आहे. बाहेर जाऊन जाहीर केलं: लढाई पुढच्या रविवारी, नक्की. योगिनी म्हणाली, हळू बोला, आई शेजारच्या गावच्या विहिरीच्या तळाशी आहे.

१७ डिसेंबर, बुधवार.

डोकं दुखत होतं म्हणून ऑफिसातून दुपारीच निघालो. दारासमोर चपलांचा ढीग.

आत योगिनी, सासूबाई, मोहिनीवहिनी आणि खालच्या मजल्यावरच्या सिंधुबाई. ज्या सिंधुबाई आमच्या गॅलरीतून पाणी पडतं म्हणून भांडायच्या, त्या आमच्या सतरंजीवर मांडी घालून ओरडत होत्या, "पाड की माय, पंधरा पाड!" सासूबाईंनी फासा टाकला. सोळा. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. सासूबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. डॉक्टरांनी रडायला मनाई केली आहे.

बुधवारीही खेळतात, हे मला माहीत नव्हतं. योगिनी म्हणाली, तुम्ही कामात होतात.

ती माझ्या खुर्चीवर बसली होती. गोष्ट सांगताना तिचे दोन्ही हात हवेत होते. लग्नाला सहा वर्षं झाली, तिचे हात असे हलतात हे मी पाहिलं नव्हतं. मला पाहून ती थांबली. मग बाकीच्याही थांबल्या, शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारख्या.

मी म्हटलं, चालू द्या, तुमचा सराव.

गोळी घेऊन झोपलो. झोप आली नाही. विहीर नेणं शक्यच नाही. खड्डा कसा नेणार?

२० डिसेंबर, शनिवार.

उद्या लढाई. अठ्ठावीस पानं. बाइंडिंग करून आणलं. उद्या सगळ्यांना कळेल की गोष्ट सांगणं वेगळं आणि विश्व उभं करणं वेगळं. योगिनीला पुढच्या रांगेत बसवणार. तिला वाईट वाटेल, पण शिकायला मिळेल.

२१ डिसेंबर, रविवार. रात्रीचं जेवण झाल्यावर.

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

चारला सगळे हजर. सिंधुबाईसुद्धा. पडदे ओढले. उदबत्ती लावली, दिनेशने दुकानातून आणलेली. मी उभं राहून वर्णन वाचलं. डोंगर फाटतो, आकाश तांबडं होतं, महाभुजंगेश्वर पंख पसरतो. आवाजही काढला. सिंधुबाई दचकल्या. माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम क्षण होता तो, आणि मला तेव्हाच तसं वाटलंही.

मग मी म्हटलं, पहिला डाव देवाचा. महाभुजंगेश्वर अग्निश्वास सोडतो! आणि कलम अकरा वाचून दाखवलं. ठणठणीत आवाजात. तिन्ही वेळा.



मोहिनीवहिनींनी हात वर केला. शाळेची सवय. "भाऊजी, प्रत्येक जीव म्हणजे प्रत्येक?"

"प्रत्येक."

"अंतर शून्यापासून?"

"शून्यापासून. पोटाखाली लपायचं नाही."

"मग महाभुजंगेश्वर स्वतः किती अंतरावर आहे?"

मी म्हटलं, कुणापासून? त्या म्हणाल्या, स्वतःपासून.

मी म्हटलं, तो देव आहे, त्याला सगळ्यांपासून अभय आहे. दिनेश लगेच म्हणाला, "अभय चालत नाही. देव असला तरी सूट नाही. तूच तीनदा लिहिलंयस, रव्या."

किशोर म्हणाला, "मग गेला की."

"आपणही गेलो," मोहिनीवहिनी म्हणाल्या.

"हो, पण तो आधी. तो जास्त जवळ होता."

सासूबाईंनी चष्म्याआडून विचारलं, "मेला? एवढ्यात? बिचाऱ्यानं काय खाल्लंबी नव्हतं."

दिनेशने विचारलं, देव गेला तर सुतक धरायचं का. गिऱ्हाइकांनी विचारलं तर काय सांगू?

मी पानं उलटत राहिलो. तीन हजार हिट पॉइंट्स होते. विजेपासून अभय होतं. मिरचीपूड होती. कुठेतरी काहीतरी असणार होतं. कुणी हसलं नाही, हे लिहून ठेवलं पाहिजे. किशोरने तर भज्यांची बशी माझ्याकडे सरकवली. मागच्या खेपेला हसले होते ते बरं होतं.

मग योगिनी हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, तुमचं झालं असेल तर आम्ही विहिरीचं पुढे घेऊ का?"

मी म्हटलं, घ्या. जरा हवा खाऊन येतो. गंगापूर रोडने बराच लांब गेलो. परत आलो तरी त्यांचं चालूच होतं. मी आल्याचं सिंधुबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी मला थोडं सरकायला सांगितलं, कारण फासा माझ्या पायाजवळ आला होता.

२३ डिसेंबर, मंगळवार.

शांतपणे विचार केल्यावर लक्षात येतं की महाभुजंगेश्वर हरला नाही. त्याला कुणीही मारू शकलं नाही, त्याने स्वतः सोडून. हेच तर मी ठरवलं होतं.

वेबसाइटवर हे लिहिलं. जांभईवाल्याने पुन्हा जांभई काढली.

२५ डिसेंबर, गुरुवार.

सुट्टी. सुधारित आवृत्ती करायला बसलो. "स्वतः सोडून" हे शब्द कलम अकरामध्ये कुठे घालावेत याचा विचार करत होतो. योगिनी खिडकीपाशी पालेभाजी निवडत होती. मी सहज विचारलं, विहीर कुणी नेली?

ती म्हणाली, खेळणाऱ्यांनाच कळतं.

मी म्हटलं, मी फक्त तांत्रिक दृष्टीने विचारतोय.

ती म्हणाली, रविवारी बसा मग.

हे आमंत्रण होतं. अनुभवी माणसाची गरज भासतेच. पण लगेच होकार दिला नाही. मेथी निवडून होईपर्यंत थांबलो.

२८ डिसेंबर, रविवार.

खेळलो.

मी राजा मागितला. योगिनी म्हणाली, त्या गावात राजा नाही. मंत्री मागितला. नाही. सेनापती? किशोर आहे. शेवटी जकात नाक्यावरचा रखवालदार रिकामा होता. शक्ती सात, बुद्धी सात, हिट पॉइंट्स चार. देखणेपणा विचारला, तर तिच्या खेळात देखणेपणा मोजत नाहीत.

ठीक आहे म्हटलं. चारमध्येही माणूस चमकू शकतो.

मंडळी विहिरीच्या शोधात नाक्यावर आली. मी त्यांना अडवून विश्वाची उत्पत्ती समजावून सांगायला लागलो. योगिनी म्हणाली, तुमच्या मागे बैल आहे, फासा टाका. टाकला. एक पडला. बैलाने उचलून आपटलं. चारपैकी चार गेले. रखवालदार बेशुद्ध.

पुढे याला न्यायचं की इथेच ठेवायचं यावर मतदान झालं. किशोर, कॉलेजपासूनचा मित्र, म्हणाला, ठेवू इथेच, सावली आहे. दिनेशने मी जिवंत आहे का ते न बघता माझे खिसे तपासले. सिंधुबाई म्हणाल्या, ओझं कशाला? मोहिनीवहिनींनी वजनाचा हिशोब केला आणि त्यांचंही मत तेच पडलं.

सासूबाई म्हणाल्या, "जावई हाय. असा टाकून कसा चालंल? घाला माझ्या पाठीवर."

नियमाप्रमाणे त्यांच्या पात्राला एवढं वजन उचलता येत नाही. कुणी नियम पाहिला नाही.

तर सध्या मी सासूबाईंच्या पाठीवर आहे. त्या डोंगर चढतायत. वाटेत दोन नद्या लागल्या, एक म्हातारा भेटला, विहिरीचा पत्ता लागत आलाय, आणि दिनेश साफ चुकीच्या दिशेने चाललाय हे एकट्या मला कळलंय. पण बेशुद्ध माणसाने बोलायचं नाही, असा योगिनीचा नियम आहे. चांगला नियम आहे. मला सुचला नव्हता.

दोन तास गप्प बसलो. शेवटची भजी किशोरने उचलली तेव्हाही काही बोलता आलं नाही.